रिंगणातली शीर

“ह्या धडधडता गो,” सगुणकाका म्हणाला आणि भिंगावरचा डोळा काढून त्याने माझ्याकडे पाहिलं.

मी म्हटलं, धडधडणारच, कोंबडीच्या पिल्लाचं काळीज आहे ते. तो पुन्हा भिंगावर वाकला. समोरच्या वाटीत एक गावठी अंडं उभं करून ठेवलेलं होतं. त्याच्या टरफलाला मी बोटाच्या नखाएवढी खिडकी पाडली होती. त्या खिडकीतून आतला पातळ पडदा दिसत होता, आणि पडद्यावर पसरलेल्या लाल शिरा. काकाने जन्मात पोतंभर अंडी खाल्ली असतील, पण जिवंत अंड्याच्या आत तो पहिल्यांदाच बघत होता.  मग म्हणाला, “ह्या कोणी काढल्यान?”

“कोणी नाय रे. आपोआप वाढता.”

“आपोआप असो फांटो पडना नाय,” तो म्हणाला. चित्र काढणाऱ्या माणसाला कुठलीही रेघ कुणीतरी काढलेलीच वाटते.

ही गोष्ट तीसेक वर्षांपूर्वीची, सावंतवाडीची. सगुणकाका म्हणजे माझ्या वडिलांचा धाकटा भाऊ. आम्ही चितारी. घराण्याचं काम गंजिफा रंगवायचं, म्हणजे ते जुने गोल पत्ते, मध्ये देव आणि भोवती नक्षीची कडा. वडील शाळामास्तर होऊन त्यातून सुटले, कुंचला काकाकडे राहिला. खारीच्या शेपटीच्या चार केसांचा कुंचला घेऊन तो मत्स्यावताराचे खवले एकेक करून काढायचा. काकी म्हणायची, ह्यांना माशाचा खवला दिसतो, पण पुढ्यातलं रिकामं तांदळाचं डबडं दिसत नाही. गंमत सोडली तर घरची चूल त्या डोळ्यांवर आणि त्या हातावरच पेटायची, हे तिलाही माहीत होतं.

त्या काकाला मी प्रयोगशाळेत का आणला, ते सांगायला हवं. मी आमच्याच गावाबाहेरच्या फार्मसी कॉलेजात एम.फार्म. करत होते आणि माझ्या प्रबंधाचा विषय होता फणसांबा. जुन्या फणसाच्या खोडाला फळीसारखी, लाकडाइतकी टणक अळंबी येते, तो फणसांबा. तान्ह्या पोराचं तोंड आलं की आमच्याकडच्या बायका तो सहाणेवर उगाळून आतून लावतात. माझंही तोंड त्यानेच बरं झालं होतं म्हणे. तर ह्या फणसांब्याच्या भावंडांवर जपान-कोरियाकडे काम चाललंय, असं मी वाचलं होतं. त्या अळंब्यांतली काही द्रव्यं म्हणे नव्या रक्तवाहिन्या वाढू देत नाहीत. कॅन्सरच्या गाठीला वाढायला रक्त लागतं. ती आसपासच्या शिरांना निरोप धाडते आणि नव्या शिरा फुटून तिच्याकडे धावत येतात. त्या यायच्याच थांबल्या, तर गाठ उपाशी राहील. हे वाचलं तेव्हा मला आमच्या परड्यातला फणस आठवला आणि मी उडीच मारली. ज्याच्यावर तिकडे लाखो रुपये खर्च होतात, त्याचा सख्खा भाऊ आमच्या मागल्या दारी फुकट लटकत होता.

गाठीपर्यंत जायची आमच्या कॉलेजची ऐपत नव्हती. अंड्यावर मात्र हे बघता येतं, कारण अंड्यातल्या पडद्यावर रोज नव्या शिरा फुटत असतात. उबवणीच्या पेटीत आठवडाभर ठेवलेल्या अंड्याला खिडकी पाडायची, फणसांब्याच्या अर्कात भिजवलेली टिकलीएवढी कागदाची चकती पडद्यावर ठेवायची, खिडकी चिकटपट्टीने बंद करायची आणि दोन दिवस वाट बघायची. नुसत्या पाण्याची चकती ठेवली तर शिरांना तिचं सोयरसुतक नसतं, त्या तिच्याखालून खुशाल निघून जातात. फणसांब्याची चकती ठेवलेलं पहिलं अंडं मी उघडलं, तेव्हा शिरा चकतीपर्यंत येऊन बाजूला वळल्या होत्या. चकतीभोवती एक स्वच्छ, फिकट रिंगण राहिलं होतं. मी एकटीच होते तिथे. आनंदाने मी त्या अंड्यापुढे हात जोडले.

माझे मार्गदर्शक टिकेकर सर पुण्याचे. त्यांच्या तोंडून ‘छान’ काढण्यापेक्षा दगडातून तेल काढणं सोपं. त्यांनी माझं रिंगण बघितलं, चष्मा पुसला आणि परत बघितलं.

“तुला रिंगण हवं आहे, म्हणून तुला रिंगण दिसतं,” ते म्हणाले. “उद्या मला दाखवशील, मग मलाही दिसायला लागेल. ज्याला उत्तर माहीत नाही असा माणूस आण. त्याला दिसेल ते त्याला काढू दे.”

काढू दे म्हणजे हाताने. कॉलेजचा सूक्ष्मदर्शकाचा कॅमेरा दुरुस्तीसाठी मुंबईला गेला होता आणि तिकडेच रमला होता. मी सगुणकाकाचं नाव सांगितलं. सरांनी त्याच्या गंजिफा दुकानातून पाहिल्या होत्या, त्यांनी लगेच मान डोलावली. मात्र शिस्त त्यांची. कुठल्या अंड्यात फणसांबा आणि कुठल्यात नुसतं पाणी, हे फक्त त्यांनाच ठाऊक. चकत्या तेच ठेवत, अंड्याच्या बुडाला पेन्सिलीने आकडा घालत आणि अंडं वाटीत उभं करून देत. आकडा मीही बघायचा नाही आणि काकानेही नाही. चित्रांमध्ये रिंगण आलं तर विषय पुढे जाईल, नाही आलं तर मी फणसांबा सोडून खोकल्याच्या काढ्यावर काम करायचं, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. दरवर्षी कुणीतरी त्या काढ्याचा चोथा करतच असे. दोन वर्षं घालवून मी त्या रांगेत जाऊन बसणार, ही कल्पनाच मला सहन होत नव्हती.

काका रोज दुपारी जेवून यायचा. उजवा डोळा भिंगाला लावायचा, डावा मिटायचा आणि न बघता हात कागदावर चालवायचा. ती एक बघण्याची गोष्ट होती. शीर जिथे फुटते तिथे त्याचा हात हलकेच थबकायचा आणि दोन्ही फांद्या घेऊन पुढे जायचा. काम झालं की चहा. चहात साखर नको असं काकीने मला बजावून ठेवलं होतं, कारण त्याच्या रक्तात ती आधीच फार झाली होती. तो मला डोळा मारून म्हणायचा, “काकी तुझी हय खंय असा?” मी बिनसाखरेचाच द्यायचे. तो पिऊन टाकायचा, पण तोंड असं करायचा की मीच त्याच्यावर विषप्रयोग केलाय.

पहिली खेप संपली तेव्हा सरांनी सगळी चित्रं लांबलचक टेबलावर मांडली आणि आपल्या खिशातली आकड्यांची चिठ्ठी काढून त्यांचे दोन गट केले. पाण्याची अंडी एका बाजूला, फणसांब्याची दुसऱ्या.  चित्रं इतकी देखणी होती की सरसुद्धा क्षणभर नुसते बघत राहिले. फणसांब्याच्या गटात रिंगण होतं. प्रत्येक चित्रात होतं. आणि प्रत्येक रिंगणात एक बारीक, केसासारखी शीर आत शिरलेली होती.

सरांनी त्या शिरेवर बोट ठेवलं. “हे काय?”

 मी म्हटलं, मी पाहिलं तेव्हा हे नव्हतं.

“तू पाहिलंस तेव्हा नव्हतं, हे मी समजू शकतो,” ते म्हणाले. “पण ह्यांना दिसली आहे, आणि एकदा नाही, दर वेळी. म्हणजे तुझा फणसांबा शिरा थांबवत नाही. जरा उशीर करतो, इतकंच. उशीर तर आपला पोस्टमनही करतो.” आणखी एक खेप करून बघ, नंतर काढ्याचं बघू, असं म्हणून ते तासाला निघून गेले.

मी काकावर घसरले. जी गोष्ट नाहीच ती काढतोस कशाला, असं मी त्याला विचारलं. शोभेसाठी घातलीस का, गंजिफा वाटली का तुला? काका रागावला नाही, ह्याचंच मला जास्त वाईट वाटलं.

“माका दिसता ता मी काढतंय,” तो म्हणाला. “नसता तर कित्याक काढू? ती थंय असा. जरा हलता पण.”

जिवंत अंड्यात सगळंच हलतं, तेव्हा त्या हलण्याकडे मी लक्ष दिलं नाही. पण काका खोटी रेघ काढणार नाही, हे मला ठाऊक होतं. देवाच्या बोटाचं एक पेर कमी पडलं म्हणून त्याने रंगवलेला पत्ता खरवडून पुन्हा रंगवलेला मी पाहिला होता. मग शीर होती, तर मला का दिसत नव्हती? त्याने उठायचं आणि मी बसायचं, एवढ्यात ती कुठे जात होती? राग ओसरला आणि त्या जागी माझ्या डोक्यात हा किडा वळवळायला लागला. खरं सांगायचं तर त्या दिवसांत मला काढ्याची भीतीही आठवेनाशी झाली.

आधी मी भिंगावर संशय घेतला. चरा असेल म्हणून ते स्पिरिटने पुसलं, मग वनस्पतिशास्त्राच्या विभागातून दुसरं मागून आणलं. शीर होतीच. मग वाटलं, चकतीच्या कागदाचा तंतू सुटत असेल. कागद बदलला. शीर होतीच. दिव्याची जागा बदलून झाली. शेवटी फणसांब्यावरच संशय आला, की आमच्या परड्यातलाच खोटा निघाला, आणि मी सायकल मारत ओटवण्याला जाऊन दुसऱ्या फणसाचा आणला. चोर सोडून संन्याशाला सुळी देणं म्हणतात, ते मी एकेका संन्याशाला रांगेत उभं करून करत होते. दुसऱ्या खेपेची चित्रंही तशीच आली.

एका दुपारी काकाची वाट बघत मी ती चित्रं चाळत बसले होते. खिडकीतून ऊन येत होतं. सहज म्हणून मी एक चित्र दुसऱ्यावर ठेवून उजेडाकडे धरलं. दोन अंड्यांच्या शिरा कधी जुळत नाहीत, माणसांच्या हातावरच्या रेषांसारखंच ते. इथेही सगळा गुंता झाला, कुठलीच शीर कुठल्याच शिरेवर बसली नाही. फक्त रिंगणातली ती बारीक शीर दुसऱ्या बारीक शिरेशेजारी तंतोतंत तशीच पडली होती. वरून येणारी, मध्ये दुभंगलेली, आणि उजव्या फाट्याच्या टोकाला एक बारीक आकडी. मी तिसरं चित्र लावलं. जागा थोडी इकडेतिकडे, पण दुभंग तोच आणि आकडीही तीच. चौथ्यातही तेच.

सगळ्या अंड्यांत एकच शीर कशी असेल? ती अंड्यात नव्हती; पाण्याच्या चित्रांतही असणार, फक्त तिथल्या शिरांच्या गर्दीत ती कळत नव्हती. भिंग मी पुसलंही होतं आणि बदललंही होतं, म्हणजे भिंगातही नव्हती. मग भिंगाच्या वर उरलं काय?

पहिल्यांदा मला सुटल्यासारखं वाटलं. रिंगण खरं होतं, माझे डोळे मला फसवत नव्हते. आणि पुढच्याच क्षणी, कुणाचे फसवत होते ते कळलं. माझा प्रबंध वाचवायचा तर मला सगुणकाकाला सांगावं लागणार होतं की त्याच्या डोळ्याचं काहीतरी बिघडलंय. त्या डोळ्याशिवाय त्याच्याकडे दुसरं काहीही नव्हतं. न सांगता गप्प बसावं आणि काढा उकळावा, असंही मनात येऊन गेलं. पण न सांगितल्याने डोळा थोडाच बरा होणार होता.

आधी खात्री करावी म्हणून मी भिंतीला लावतात तसली पांढरी गुळगुळीत फरशी घेतली, तिचा एक तुकडा वाटीत बसवला आणि भिंगाखाली सरकवला. भोवती काळा कागद गुंडाळला, म्हणजे वाटीत काय आहे ते बाहेरून कळू नये. सर तेवढ्यात आत आले. मी त्यांना हळूच सांगितलं. ते स्टुलावर बसले.

काका आला, बसला, उजवा डोळा लावला. हात कागदावर ठेवला, पण तो चालेना.

“ह्या अंड्यात काय्येक नाय गो,” तो म्हणाला. “सगळा पांढरा.” मग जरा थांबून, “एकच शीर असा.”

आणि त्याने ती काढली. वरून आणली, मध्ये दुभंगवली, उजव्या फाट्याला आकडी दिली.  मी त्याला सांगितलं, आता डाव्या डोळ्याने बघ. त्याला डाव्याची सवय नव्हती, मान वाकडी करून तो बसला. बराच वेळ बसला. मग त्याने पुन्हा उजवा लावला, पुन्हा डावा. शेवटी त्याने स्वतःच काळा कागद काढला, वाटीतला फरशीचा तुकडा उचलला आणि बोटाने पुसून बघितला.

“म्हणजे कुंचलो गळत नाय होतो,” तो म्हणाला.

 तेव्हा त्याने सांगितलं, की दिवाळीपासून त्याला रंगवताना पत्त्यावर केस पडलेला दिसायचा. तो फुंकर मारायचा, तरी केस जायचा नाही. कुंचल्याचे केस सुटतात असं समजून त्याने घरातले सगळे कुंचले मोडले होते आणि नवे बांधले होते. खारीच्या केसात राम उरला नाही म्हणून तो काकीपाशी कटकट करायचा. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं एरवी मी त्याला म्हटलं असतं. त्या दिवशी जीभ रेटली नाही.

मी सरांकडे बघितलं. मला वाटलं आता ते म्हणतील, चला, रिंगण सिद्ध झालं. ते उठले आणि काकासमोर येऊन उभे राहिले. “चितारी, तुम्हाला मधुमेह आहे ना?” त्यांनी विचारलं. काकाने मान हलवली. “मग प्रबंध जाऊ दे खड्ड्यात. उद्या सकाळच्या गाडीने तुम्ही दोघं कोल्हापूरला जा. मी चिठ्ठी देतो.” त्या माणसाच्या तोंडून मी एवढं मऊ बोलणं पहिल्यांदा ऐकलं.

कोल्हापूरच्या डोळ्यांच्या डॉक्टर शिरगुप्पे म्हणून होत्या, उंच, झपझप चालणाऱ्या. त्यांनी काकाच्या डोळ्यांत थेंब घातले, तासभर बसवून ठेवलं, कसल्याशा यंत्रावर हनुवटी टेकवायला लावून दोन्ही डोळ्यांच्या आतले फोटो काढले. दुपारी त्यांनी उजव्याचा फोटो आमच्यासमोर धरला. गोल, नारिंगी फोटो. त्यात एका बाजूला एक फिकट चकती आणि तिथून निघालेल्या लाल शिरा.

थेंबांमुळे काकाला अजून अंधुक दिसत होतं. त्याने फोटो नाकाजवळ धरला आणि माझ्याकडे वळून विचारलं, “ह्या खंयचा अंडा?”

“अंडं नव्हे काका, तुमचा डोळा आहे हा,” बाई म्हणाल्या. मग त्यांनी पेनाच्या टोकाने दाखवलं. जाड शिरा होत्या त्या मुळातल्या. त्यांच्या मध्ये एका जागी बारीक शिरांची जाळी उगवली होती, वेडीवाकडी, फेर धरल्यासारखी. “साखरेनं जुन्या शिरा बुजत्यात. पडद्याला रक्त पुरत नाही. मग पडदा हाका मारतोय, आणि शरीर बिचारं घाईघाईनं नव्या शिरा धाडतंय. घाईचं काम, कच्चं. त्या झिरपतात, फुटतात. तुम्हाला जो केस दिसतोय ना, ती त्या सांडलेल्या रक्ताची सावली हाय. डाव्यातबी सुरुवात झालीय.”

काका त्या जाळीकडे बघत राहिला. “म्हणजे त्यो मदत करूक इल्यो,” तो म्हणाला.

“मदतच. पण त्या मदतीनं डोळा जातोय.”

मग त्याने जे विचारलं, ते तो विचारणार हे मला वाटेत घाट चढतानाच कळलं होतं. त्याने बाईंना सांगितलं, की ही माझी पुतणी, हिने फणसांबा शोधलाय, तो अशाच नव्या शिरा थांबवतो, मी स्वतः अंड्यात बघितलंय. मग तो माझ्याकडे वळला.

“तो माझ्या डोळ्यात घातलो तर, उर्मे?”

बाईही माझ्याकडे बघायला लागल्या. त्यांच्या नजरेत थट्टा नव्हती, त्यांनाही उत्तर ऐकायचं होतं. आणि मला हो म्हणावंसं वाटत होतं. किती वाटत होतं म्हणून सांगू. ज्या गोष्टीसाठी मी दोन वर्षं झुरले, तिची गरज माझ्याच माणसाला पडली होती, आणि ती माझ्या कपाटात बाटलीत भरून तयार होती. डोळ्यांपुढे मी ते स्वच्छ रिंगण आणलं. तेव्हा मला त्यात पूर्वी कधी न दिसलेलं दिसलं. तिथे नव्या शिरा नव्हत्या, तशा जुन्याही नव्हत्या. काहीच नव्हतं. फणसांबा ज्या जागी ठेवला, त्या जागेचं सगळं रक्त तुटलं होतं. चांगली शीर कुठली आणि कच्ची कुठली, हे तो विचारत नव्हता.

“नको,” मी म्हटलं. “तो सगळ्याच शिरा थांबवता काका. तुझ्या बऱ्या शिरापण जातीत. माका अजून काय्येक म्हायत नाय त्याचा.”

काकाने मान हलवली. त्याला वाईट वाटलं की बरं वाटलं, मला कळलं नाही. बाई मग लेसरबद्दल सांगायला लागल्या. पडद्याच्या मधल्या भागाने माणूस बारीक काम करतो, वाचतो, माणसं ओळखतो. कडेचा भाग लेसरने जागोजाग जाळायचा, म्हणजे रक्ताची मागणी कमी होते आणि हाका थांबतात. हाका थांबल्या की त्या कच्च्या शिरा आपोआप सुकतात. पण जाळलेला भाग परत येत नाही. कडेचं दिसणं कमी होईल, अंधारात चाचपडायला होईल. आणि उपयोग होईलच अशी खात्री त्या देणार नव्हत्या. घरी जाऊन विचार करा, म्हणाल्या.

काकाने घरी जाण्याइतका वेळ घेतला नाही. तो गोल फोटो त्याच्या हातातच होता. त्याने अंगठा त्याच्या कडेवरून सावकाश फिरवला, नवा पत्ता तपासताना फिरवायचा तसाच.

“कडा जळली तर जळूंदेत,” तो म्हणाला. “मधलो देव रवाक व्हयो.”

बाईंना ते कळलं नाही. मला कळलं आणि मी खिडकीकडे तोंड करून उभी राहिले.

त्यानंतर तो तीनचारदा कोल्हापूरला जाऊन आला. दर वेळी काकी बरोबर जायची आणि आल्यावर सांगायची की ह्यांनी हूं की चूं केलं नाही. मग दिवस नुसते बघण्यात गेले. सांडलेलं रक्त डोळ्याने हळूहळू पुसून घ्यावं लागतं, त्यावर औषध नाही. घरात काकाचं रंगवणं बंद होतं, आणि आम्ही कुणीही त्याला केसाबद्दल विचारत नव्हतो. तोही आपण होऊन सांगत नव्हता. इकडे सरांनी मला काढ्याचा विषय दिला नाही. उबवणीची पेटी चालू ठेवली आणि वर म्हणाले, तुझ्या काकांची वाट बघू. दुसरा माणूस आणता आला असता. त्यांनी आणला नाही आणि मीही सुचवलं नाही.

माझ्या प्रबंधाचं पुढे फार मोठं काही झालं नाही, हेही सांगून टाकते. अंड्यात जे थांबतं ते उंदरात थांबतंच असं नाही, आणि उंदरापासून माणूस फार लांब आहे. आजही कुणी मला फणसांब्याची पावडर घ्यावी का म्हणून विचारलं, तर मी त्याला आधी त्याच्या शिरा कुठे वाढायला हव्यात आणि कुठे थांबायला हव्यात ते विचारते. लोकांना ते आवडत नाही.

पावसाळा सरता सरता एका दुपारी काका प्रयोगशाळेच्या दारात उभा राहिला. त्याने येताना उंबऱ्याला ठेच खाल्ली, कडेचं दिसणं कमी झालं होतं. मी पुढे झाले, पण त्याने हाताने मला थांबवलं आणि आपल्या जागी जाऊन बसला. सरांनी पेटीतून एक अंडं काढलं, बुडाला आकडा घातला, वाटीत उभं केलं आणि भिंगाखाली सरकवलं.

मी काकाला म्हटलं, डाव्याने बघ. डावा त्यातल्या त्यात बरा होता, तेवढ्याने माझं काम झालं असतं.

त्याने डावा मिटला. उजवा भिंगाला लावला आणि हात कागदावर ठेवला. पडद्यावरच्या शिरा त्याने एकामागून एक काढायला घेतल्या. हात पूर्वीइतका भरभर चालत नव्हता, पण फाटा आला की तसाच थबकत होता. शिरा चकतीच्या दिशेने आल्या, बाजूला वळल्या. मग हात मध्ये, ती केसासारखी शीर असायची तिथे आला आणि थांबला.

सर हातातली पेन्सिल फिरवायची थांबले. काका हलला नाही. त्याने डोळा जरा वर नेला, खाली आणला, डावीकडे, उजवीकडे. पुन्हा मध्ये. किती वेळ गेला कुणास ठाऊक. उबवणीच्या पेटीची घरघर तेवढी ऐकू येत होती.

“हय काय नाय गो,” तो म्हणाला.  “काय्येक नाय.”

सरांनी वाटीतून अंडं उचललं आणि बुडाचा आकडा आपल्या चिठ्ठीशी ताडून बघितला. ते मला काहीतरी सांगत होते. ते कुठलं अंडं होतं, हे मी त्यांना दुसऱ्या दिवशी विचारलं. त्या वेळी मी काकाच्या उजव्या डोळ्याकडे बघत होते.